लेन्सवरचं कुंकू

हवालदार शेडग्यांनी पेटी माझ्या टेबलावर अलगद ठेवली, दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "सर, बूट भायेर काढू का?"

"प्रयोगशाळा आहे शेडगे. देऊळ नाही."

"तसं न्हवं. एवढ्या मशिनी हायेत म्हणून म्हटलं."

आमच्या तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात त्या वेळी चालू स्थितीतली यंत्रं पाच होती आणि त्यातलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. पण कुणी इतक्या आदरानं बूट काढायची तयारी दाखवली की विभागप्रमुखाला बरं वाटतं. मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. पेटीची कडी उघडून त्यांनी आतली गाड्यांचा वेग मोजायची गन बाहेर काढली. केस वाळवायचं यंत्र असतं ना, त्याच्या सरकारी नोकरीत असलेल्या थोरल्या भावासारखी ती दिसत होती. करडी, जाड, मागे छोटा पडदा, पुढे दोन काचेचे डोळे. पेटीच्या तळाशी एक वाळलेलं झेंडूचं फूल होतं.

"ही आजारी हाय सर," शेडगे म्हणाले. "आन् हिच्यापायी मी बी आजारी पडणार आता."

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेडगे महामार्ग पोलिसांत होते आणि माझ्या गावाहून तंत्रनिकेतनाकडे येताना धोंडेवस्ती फाटा लागतो तिथे त्यांची नेमणूक होती. फाट्याच्या अलीकडे वस्ती, पलीकडे डेअरी. सकाळी सगळं गाव किटल्या घेऊन हायवे ओलांडणार आणि कोल्हापूरच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांना फाट्यावरची पन्नासची पाटी म्हणजे कुणाची तरी जाहिरात वाटणार. म्हणून तिथे गन. शेडग्यांची मुलगी रोहिणी माझ्याच विभागात दुसऱ्या वर्षाला होती, पहिल्या बाकावर बसायची आणि मास्तरांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारायची. त्यामुळे मी शेडग्यांना ओळखत होतो. रोज सकाळी फाट्यावरून जाताना ते मला सलाम करत आणि मी काचेतून हात करत असे.

"काय होतंय हिला?"

"रोज सकाळी आंधळी हुती सर. गाडीवर धरली की आकडा येयाच्या ऐवजी नुसता E. हे बघा."

त्यांनी खिशातून एक वही काढली. शंभर पानी, कव्हरवर हिमशिखरांचं चित्र. आत तारखा, वेळा आणि प्रत्येक वेळेपुढे E. दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून सुरुवात. आठ सत्तेचाळीस. आठ एक्कावन्न. आठ अठ्ठेचाळीस. सगळं पावणेनऊ ते नऊच्या मधलं.

मी ती वही वाचत गेलो. रविवारी E नव्हता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत एकदाही नव्हता. एका बुधवारी नव्हता. त्या बुधवारी मला ताप होता.

मी सव्वीस वर्षं सरकारी मस्टरवर सही केली आहे. माझी इतकी प्रामाणिक हजेरी दुसऱ्या कुणी ठेवलेली नाही.

"साहेब म्हणत्यात," शेडगे खालच्या आवाजात म्हणाले, "रोज ठरल्या टायमाला गन आंधळी हुती म्हंजे ठरल्या टायमाला कुणाची तरी गाडी जाती. आन् शेडग्याचं त्या गाडीवाल्याशी काय तरी ठरलंय. बावीस वर्षं झाली सर नोकरीला. च्या बी कुणाचा फुकट प्यालो न्हाई. म्हयन्याभरात फौजदारकीची यादी लागणार हाय. सहाय्यक फौजदार. घरात पोरीनं शर्टावरचा स्टार कुठं लागतो ते बी विचारून ठेवलंय. आन् आता ह्ये."

"मग गाडीचा नंबर घ्यायचा ना."

"गाडी बघू का गन बघू? लांबनं कुणाची गाडी काय कळतंय! धरली की E. मग मी हिला हलवतो, बटन दाबतो, फुंकर मारतो. मान वर करतो तर समोर तुमी. तुमाला नमस्कार करायचा तर हातात ह्ये मेलेलं." ते ओशाळून हसले. "चार डाव सलाम बी राहिला सर. राग मानू नगा."

मी राग मानला नाही.

इथे मला माझ्या मेहुण्याविषयी सांगितलं पाहिजे. शिरीष मस्कतला असतो. दर वर्षी येताना तो खजूर आणि एक अशी वस्तू आणतो जिची आपल्याला गरज आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. त्या वर्षी त्याने लेझर जॅमर आणला. काड्यापेटीएवढे दोन काळे ठोकळे आणि एक वायर. गाडीच्या नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना बसवायचे.

पोलिसांची गन डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके गाडीवर मारते आणि परत आलेल्या ठोक्यांवरून वेग काढते. जॅमरला हे ठोके ओळखू येतात आणि तो स्वतःचे ठोके गनच्या तोंडावर फेकतो. वर्गात हजेरी घेताना एका नंबरला चाळीस मुलांनी एकदम "हजर" ओरडावं, तसं. मास्तर गोंधळतो, वही मिटतो. गन मिटत नाही, E दाखवते.

माझं म्हणाल तर, नऊ वाजून दहा मिनिटांनी आमचे प्राचार्य मस्टरवर लाल रेघ ओढत. तीन लाल रेघांना एक किरकोळ रजा जाई. आणि मी घरातून वीस मिनिटं लवकर निघू शकत होतो, हे खरं असलं तरी ते मला कधी सुचलं नव्हतं. फाट्यावर माझं दोनदा चलन झालं होतं. दुसऱ्या वेळी शेडग्यांनीच पावती फाडली होती आणि हळूच म्हणाले होते, "पोरीचं सर हाय म्हणून सोडलं तर पोरीला काय सांगू?"

जॅमर बसवायच्या आधी मी नाना फडतऱ्याला विचारलं होतं. नाना माझा शाळेपासूनचा मित्र आणि कोर्टातला वकील. मी सरळ प्रश्न केला, "हे कायदेशीर आहे का?"

नानाने ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला. "जॅमर असा शब्द गाड्यांच्या कायद्यात माझ्या तरी वाचनात आलेला नाही."

"म्हणजे चालतं."

"चालत नाही. पकडत नाहीत. दोन्हींत फरक आहे. 'सरकारी कामात अडथळा' हे वाक्य माझ्या भरपूर वाचनात आलंय, आणि ते रबरासारखं आहे. कुणाच्याही मापाचं होतं."

"पण कळणार कसं कुणाला?"

"हा कायद्याचा प्रश्न नाही," नाना म्हणाला. "हा तुझ्या विषयातला प्रश्न आहे."

म्हणून मी बसवला. ऑटो इलेक्ट्रिशियनला पार्किंग सेन्सर म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, "पार्किंग सेन्सर पुढं कशाला सर?" मी म्हणालो, "मी पुढेच धडकतो." त्याला पटलं.

जॅमर चालतो का, असं मला अजूनही लोक विचारतात. चालतो. उत्तम चालतो. मी वापरलेल्या सगळ्या उपकरणांत एवढं दिलेला शब्द पाळणारं दुसरं नव्हतं. मी फाट्यावरून पंच्याऐंशीनं जायचो आणि डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लुकलुकला की मला विज्ञानाविषयी आदर वाटायचा.

तर आता त्या विज्ञानाने आंधळी केलेली गन माझ्या टेबलावर होती.

"कंपनीला का नाही पाठवत?" मी विचारलं.

"तीन म्हयनं लागत्यात. साहेब म्हणाले, आधी सरकारी कॉलेजातनं तपासून आणा. मशीन बिघडली असंल तर कंपनीला जाईल. मशीन चांगली असंल तर..." त्यांनी वही माझ्या हातातून हळूच परत घेतली. "मशीन चांगली असंल तर चोर मीच."

"तुम्ही कँटीनला चहा घेऊन या. तासाभरात दाखला देतो."

"पैशे देऊन घेतो सर," ते म्हणाले आणि गेले. दाराबाहेर जाऊन पुन्हा डोकावले. "सर, तुमच्यावर भार हाय."

मी आणि आमचे प्रयोगशाळा परिचर जंगममामा गन घेऊन मागच्या रस्त्यावर गेलो. जंगममामांच्या स्कूटरचा काटा लग्नाच्या वेळीच बंद पडला होता. त्यामुळे मी विजेच्या दोन खांबांतलं अंतर टेपनं मोजलं, मामांना त्यामधून स्कूटर पळवायला लावली, एका हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात गन. बारा फेऱ्या झाल्या. बारा वाचनं. तेराव्या फेरीला मामा म्हणाले, "सर, पेट्रोल."

परत येऊन मी गन टेबलावर ठेवली आणि विचार करत बसलो. गन अगदी ठणठणीत होती. तसं लिहिलं तर शेडगे चोर. बिघडलीय असं लिहिलं तर ती तीन महिने कंपनीत, आणि कंपनी लिहिणार की काहीच बिघाड नाही, म्हणजे शेडगे पुन्हा चोर आणि मी गाढव. तिसरा एक रस्ता होता. तो सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वस्त आणि खरा होता, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

तेवढ्यात मला ते दिसलं. पुढच्या दोन काचांपैकी डाव्या काचेच्या कडेला एक लालसर बोट उमटलेलं. खाली किंचित पिवळं.

शेडगे परत आल्यावर मी विचारलं, "हे काय आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "कुंकू हाय सर. खंडेनवमीला पूजा केलती. चौकीत रायफलींची हुती. म्हटलं फाट्यावर आपलं हत्यार ह्येच. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला." मग त्यांच्या लक्षात आलं. "दसऱ्याच्या आदल्या दिशी," ते म्हणाले. त्यांनी वही उघडली, पहिल्या E ची तारीख पाहिली, आणि टेबलाचा कोपरा धरला. "सर... कुंकवानं?"

आता सांगतो, तो शब्द आधी त्यांनी उच्चारला. मी फक्त मान हलवली. माणूस पुष्कळदा मान हलवतो.

"पण मग सकाळीच का?"

"सकाळी ऊन समोरून येतं," मी म्हणालो. "तिरपे किरण. डागावर पडून पसरतात." हे मी इतक्या सहज म्हणालो की मलाच ते पाठ्यपुस्तकात वाचल्यासारखं वाटलं.

शेडग्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे कुणाची गाडी न्हाई, काय न्हाई!"

"काही नाही."

"चोर न्हाई मी!"

"नाही."

त्यांनी माझे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला. मी खुर्ची मागे घेतली. खुर्चीला चाकं होती, त्यामुळे मी जरा जास्तच मागे गेलो.

दाखल्यात मी तीन मुद्दे लिहिले. एक, उपकरणाच्या भिंगावर हळदकुंकवाचा अंश आढळला. दोन, भिंग मऊ कापडाने स्वच्छ करण्यात आले. तीन, त्यानंतर बारा वाचने घेण्यात आली, ती सर्व अचूक आहेत. सबब उपकरण वापरण्यायोग्य आहे. खाली सही. जंगममामांनी शिक्का मारायच्या आधी दाखला वाचला. ते एरवी कधी वाचत नसत. मग माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. जरा जोरातच बसला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी जॅमर काढला. काढताना त्याचं माहितीपत्रक पहिल्यांदा वाचलं. अकराव्या पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं: दिवा लागताच वेग कमी करा आणि तीन सेकंदांत जॅमर बंद करा, म्हणजे पोलिसांना वैध आकडा मिळेल आणि संशय येणार नाही. मी सव्वीस वर्षं मुलांना ओरडतो आहे की उपकरणाला हात लावण्याआधी माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचा.

तरी मी खूश होतो. शेडगे सुटले, गन सुटली, मी सुटलो. सगळ्यांचं एका कापडाच्या फटकाऱ्यात भागलं होतं. उद्यापासून वीस मिनिटं लवकर निघायचं असंही मी ठरवलं. आणि निघालोही.

फाट्यावर शेडगे नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. तिसऱ्या दिवशी मी रोहिणीला विचारलं.

"पप्पांची चौकशी लागलीय सर," ती म्हणाली. "शासकीय उपकरणाची हेळसांड. गन जमा करून घेतलीय, पुरावा म्हणून."

"पुरावा? कशाचा?"

"कुंकवाचा," रोहिणी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत हे शिकतात.

मी नानाकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. अशील नसलेल्या माणसाचं वकील जसं ऐकतो तसं त्याने ऐकलं, म्हणजे मधे एकदाही घड्याळ न बघता.

"आधी तुझ्याकडे एक गोष्ट होती," तो म्हणाला. "आता दोन झाल्या. अडथळा आणि खोटा दाखला. पहिलीला वकील लागतो."

"आणि दुसरीला?"

"दुसरीला मी काय करणार बाबा? तू जा आणि खरं सांग."

"नोकरी जाईल माझी."

"जाईलच असं नाही. पण त्याची मात्र कशाची यादी लागणार होती म्हणालास?"

मी म्हणालो, चौकशीत काही निघणार नाही. कुंकू लावणं हा काही गुन्हा नव्हे. सौम्य ताकीद देतील. नाना म्हणाला, "मग जाऊच नकोस," आणि त्याने दिवा लावून फाईल उघडली. त्या वर्षी तो माझ्याशी फार बोलला नाही.

फाटा सहा आठवडे गनशिवाय होता. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास, धोंडेवस्तीचे तुकाअण्णा दोन किटल्या घेऊन डेअरीकडे निघाले असताना त्यांना एका टेम्पोने उडवलं. ते वाचले. उजवा पाय मांडीत आणि गुडघ्याखाली मोडला, आत सळई घातली, तरी आखूड झाला. टेम्पोवाल्याला लोकांनी धरलं तेव्हा तो म्हणाला, "हितं हल्ली मशीन नसतंय." पेपरात हे चार ओळींत आलं होतं. मी त्या चार ओळी स्टाफरूममध्ये उभ्याने वाचल्या. पेपर घडी घालून ठेवला, मग पुन्हा उघडला. पुन्हाही चारच ओळी होत्या.

शेडग्यांना ताकीद मिळाली. नानापेक्षा माझा कायद्याचा अंदाज बरोबर निघाला. फक्त सेवापुस्तकात ती नोंद झाली आणि यादीत त्यांचं नाव आलं नाही. गन परत मिळाली. शेडगे पुन्हा फाट्यावर उभे राहू लागले. मला पाहिलं की सलाम करत. आता गनला E येत नसे, त्यामुळे एकही सलाम राहत नसे.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी चार दिवस रोहिणीने वर्गात हात वर केला.

"सर, भिंगाच्या कडेला बोटाएवढा डाग असला तर परत येणारा प्रकाश किती कमी होईल?"

मी फळ्यावर भिंगाचं वर्तुळ काढलं, कडेला डाग काढला, क्षेत्रफळांचं गुणोत्तर मांडलं. फळ्यावर मी सहसा खोटं लिहीत नाही. उत्तर आलं सुमारे आठ टक्के.

"आठ टक्क्यांनी गन आंधळी होते सर?"

 इतर मुलांना वाटलं गणित अवघड आहे. मी म्हणालो, "तास संपला," आणि खरंच मिनिटभराने घंटा झाली.

खंडेनवमीला आमच्याकडेही यंत्रांची पूजा असते. जंगममामांनी पाचही यंत्रांना फुलं वाहिली आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, "तुम्हीच लावा." ते म्हणाले, "मी कुठं लावू सर? तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत आहे कुठं लावलं की काय होतं." वर्षभरात ते त्या विषयावर एवढंच बोलले.

दुपारी लवकर सुट्टी झाली. मी कपाटातून ते दोन काळे ठोकळे काढले, खिशात घातले आणि धोंडेवस्ती फाट्यावर गाडी थांबवली.

शेडगे पिंपरणीच्या सावलीत तिपाई लावून उभे होते. शेजारी दगडावर तुकाअण्णा बसले होते, काठी मांडीवर आडवी. शेडग्यांनी मला बघून सलाम ठोकला आणि गडबडीने प्रसादाचं खोबरं पुढे केलं.

"घ्या सर. आत्ताच पूजा झाली. बघा, तुमाला दाखवायचंच हुतं." त्यांनी तिपाईकडे बोट दाखवलं. तिपाईच्या तिन्ही पायांना हळदकुंकू लावलं होतं, अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. गनला काही नव्हतं. "हात बी लावला न्हाई सर भिंगाला. लांबनं नमस्कार. आन् रोज सकाळी ह्या कापडानं पुसतो. तुमी दाखल्यात लिवलेलं, मऊ कापड. बायकोच्या जुन्या लुगड्याचं हाय."

ते कापड चौकोनी कापून, चारही कडा दुमडून शिवलेलं होतं.

"हेच ते सर, अण्णा," शेडगे तुकाअण्णांना म्हणाले. "ह्यांनी शोधून काढलं. न्हाईतर मला चोर ठरवलाच हुता."

तुकाअण्णांनी बसल्या जागी हात जोडले. "लई उपकार मास्तर," ते म्हणाले. "हवालदार भला माणूस हाय. माझ्या पायाचं मनाला लावून घेतलंय त्येनं. रोज माझ्या किटल्या ह्योच पलीकडं नेऊन देतोय. मी म्हणतो, आरं, तुझ्या कुंकवानं झालं आसंल, पर तू देवाचंच केलतंस की!"

मी खिशात हात घातला. ठोकळे गार होते.

"शेडगे," मी म्हणालो, "जरा बाजूला येता?"

आम्ही गाडीपाशी आलो. मी सुरुवात करणार तोच ते म्हणाले, "सर, आधी मी एक विचारू का? राग मानू नगा. पोरगी वरीसभर माझ्या मागं लागलीया. म्हणती, पप्पा, एवढ्याशा कुंकवानं गन आंधळी हुतच न्हाई. गणित करून दाखवती. म्हणती कुणीतरी मुद्दाम करत हुतं, तसल्या वस्तू मिळत्यात. म्हणती, सरांना विचारा." ते थांबले. "मी तिला वरडलो. पर रात्री झोप न्हाई येत. खरंच कुंकवानंच झालं न्हवं?"

मागच्या वर्षीच्या त्या दुपारी मी मऊ कापड हातात घेतलं ते अगदी शेवटी. बारा वाचनं झाली, जंगममामांनी स्कूटर सावलीत लावली, मी गन टेबलावर ठेवली आणि त्यानंतर मला ते लाल बोट दिसलं. बाराच्या बारा वाचनं कुंकवासकट घेतली होती. बाराच्या बारा अचूक. दाखल्यात मी फक्त क्रम बदलला होता. वाचनांचा तो मूळ कागद अजून माझ्याकडे आहे. जंगममामांच्या अक्षरात आहे.

शेडगे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या उजव्या हाताचं अनामिकेचं बोट अजून लाल होतं.

"कुंकवानंच," मी म्हणालो.

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खांदे सैल केले.

"बरं झालं सर," ते म्हणाले. "लई बरं झालं. माझ्या हातनं चुकून झालं, तसंच अण्णांना सांगितलंय मी. त्यांनी सोसलं. आता कुणी मुद्दाम केलतं म्हटलं आसतं, तर त्यांना काय तोंडानं सांगणार हुतो? चुकीनं झालेलं माणूस सोसतंय. मुद्दाम केलेलं कसं सोसंल?" मग त्यांना आठवलं. "तुमी कायतरी बोलणार हुता न्हवं?"

"काही नाही. रोहिणीचा अभ्यास चांगला चाललाय, एवढंच."

"तुमची कृपा."

मी गाडीत बसलो. तुकाअण्णांनी काठी उचलून निरोप दिला. मी निघालो आणि थोडं पुढे गेल्यावर आरशात पाहिलं. शेडग्यांनी मौजेनं गन तिपाईवरून काढली, माझ्या गाडीच्या पाठीवर धरली, पडद्यात बघितलं आणि बगलेत मारली. मग हात उंच करून मला आकडा दाखवला. आधी चार बोटं, मग दोन.

मी काट्याकडे पाहिलं. बेचाळीसच होता.